‘ज्ञानेश्वर’ची दहा प्रश्नचिन्हं

ऑनलाइन अर्जात नावाच्या रकान्यात ‘ज्ञानेश्वर’ असं मराठीत टाइप केलं. पडद्यावर ते स्वच्छ दिसलं. पावती छापून आली तेव्हा मात्र नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं: ??????????. मराठीत कारभार करू पाहणाऱ्या पुष्कळांना हा अनुभव कधी ना कधी येतो. विचारायला गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘फॉन्ट नसेल तुमच्याकडे.’ बहुतेक वेळा हे उत्तर चुकीचं असतं.

ती प्रश्नचिन्हं मोजून पाहा. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं: ज्ञा, ने, श्व, र. प्रश्नचिन्हं मात्र दहा आहेत. दुसऱ्या एखाद्या अहवालात याच नावाच्या जागी रोमन लिपीतल्या चमत्कारिक चिन्हांची रांग उमटते आणि ती तीसच्या आसपास भरते. तिसरीकडे नुसता ‘ज’ येतो, पुढे काहीच नाही. दहा, तीस आणि एक या आकड्यांमागे ठरावीक कारणं आहेत. मजकूर कुठे आणि कसा बिघडला, याचा माग त्यांवरून काढता येतो. हा माग बऱ्याचदा ज्याच्यापाशी जाऊन थांबतो, तो म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये बसलेला ड्रायव्हर.

प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक

संगणक साठवतो ते आकडे. त्यामुळे प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत क्रमांक देण्याचं काम युनिकोड करतं. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यात ० पासून ११,१४,१११ पर्यंतच्या क्रमांकांची सोय आहे. त्यांतले २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक देवनागरीसाठी राखलेले आहेत. देवनागरीची तिथली मांडणी आपल्याकडच्या ‘इस्की’ या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली आहे.

युनिकोड क्रमांक देतं ते व्यंजनाला, स्वराला, मात्रेला आणि पाय मोडण्याच्या चिन्हाला, म्हणजे हलन्ताला, वेगवेगळे. जोडाक्षराला स्वतःचा क्रमांक नसतो. ‘ज्ञानेश्वर’ सुटं करून लिहिलं तर असं होतं: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. ही झाली दहा चिन्हं. पावतीवरची दहा प्रश्नचिन्हं हीच. म्हणजे कुणीतरी आपलं नाव बरोबर वाचलं होतं, त्यातली चिन्हं नीट ओळखली होती आणि त्यानंतर एकेका चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. हे काम फॉन्टचं नव्हे. फॉन्ट नसला तर रिकामे चौकोन दिसतात आणि आतला मजकूर शाबूत असतो.

एक क्रमांक, तीन मापं

क्रमांक ठरला तरी तो साठवायचा कसा हा प्रश्न उरतोच. संगणकाच्या साठवणीचं घर म्हणजे एक बाइट, आणि त्यात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. ‘ज’चा क्रमांक २३३२, तो एका बाइटात मावत नाही. म्हणून तो एकाहून जास्त बाइटांत मांडावा लागतो. अशा मांडणीच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. युनिकोडसाठी मुख्यतः तीन पद्धती वापरात आहेत.

पहिली युटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ती रचली. इंग्रजी अक्षराला ती एक बाइट देते, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन आणि काही चिन्हांना चार. ‘ज’ या पद्धतीत २२४, १६४, १५६ असा लिहिला जातो. दुसरी युटीएफ-१६. हिच्यात देवनागरी चिन्हाला दोन बाइट लागतात. ‘ज’ म्हणजे ९ आणि २८, कारण ९ गुणिले २५६ अधिक २८ म्हणजे २३३२. तिसरी युटीएफ-३२. हिच्यात प्रत्येक चिन्हाला सरसकट चार बाइट. त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ हे एकच नाव पहिल्या पद्धतीत ३० बाइटांचं होतं, दुसरीत २० आणि तिसरीत ४०.

अडचण अशी की नुसत्या बाइटांवर आपण कुठल्या पद्धतीचे आहोत हे लिहिलेलं नसतं. धान्याच्या पोत्यावर फक्त ‘१६’ हा आकडा लिहिलेला असावा आणि तो पायलीचा की किलोचा हे लिहायचं राहून जावं, तशी ही स्थिती. देणाऱ्याच्या मनात पायली, घेणाऱ्याच्या मनात किलो असेल तर आकडा बरोबर असूनही हिशेब चुकतो. माप कोणतं ते वेगळं सांगावं लागतं, दोन्ही बाजूंना ते मान्य असावं लागतं आणि मापं वेगळी असली तर मध्ये कुणीतरी रूपांतर करून द्यावं लागतं. डेटाबेसच्या व्यवहारात हे काम ड्रायव्हर करतो.

ड्रायव्हर नेमकं काय करतो?

आपण वापरतो तो प्रोग्राम एका भाषेत लिहिलेला असतो, डेटाबेस दुसऱ्याच कंपनीचा असतो. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल या प्रत्येकाची बोलण्याची रीत निराळी. प्रत्येक प्रोग्रामनं प्रत्येक डेटाबेसची रीत शिकत बसू नये म्हणून मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये ओडीबीसी नावाचा सामाईक करार आणला. जावा भाषेसाठी पुढे जेडीबीसी आला. या करारानुसार प्रोग्रामकडून मजकूर आणि आज्ञा घ्यायच्या, त्या डेटाबेसला समजतील अशा करून पाठवायच्या आणि उत्तर परत आणायचं, हे ड्रायव्हरचं काम. अक्षरांच्या एन्कोडिंगचं रूपांतर त्यातच येतं.

मजकुराला या वाटेवर तीन मुक्काम करावे लागतात: प्रोग्रामची स्मृती, मधली जोडणी आणि डेटाबेसमधला रकाना. तिन्ही ठिकाणी एन्कोडिंग वेगळं असू शकतं. विंडोज आणि जावा ज्या काळात घडत होते, तेव्हा ६५,५३६ क्रमांक सगळ्या जगाला पुरतील असा अंदाज होता. म्हणून दोघांनी आत दोन-दोन बाइटांची रीत धरली आणि पुढे ती युटीएफ-१६ झाली. लिनक्स आणि वेब युटीएफ-८ कडे वळले. त्यामुळे जावात लिहिलेला प्रोग्राम पोस्टग्रेएसक्यूएलला नाव पाठवतो तेव्हा ‘ज’चे दोन बाइट वाटेत तीन होतात आणि परत येताना तिनाचे दोन. ड्रायव्हरला दोन्ही टोकांची पद्धत ठाऊक असेल तर हे आपल्या लक्षातही येत नाही.

ओडीबीसीत एक जुना फाटा आहे. त्यात मजकूर हाताळणाऱ्या आज्ञांच्या दोन जोड्या असतात. एका जोडीला ‘ॲन्सी’ म्हणतात. ती संगणकावर निवडलेल्या जुन्या अक्षरतक्त्यानुसार चालते. दुसऱ्या जोडीतल्या आज्ञांच्या नावाच्या शेवटी ‘डब्ल्यू’ असतो, ती युनिकोडची. प्रोग्राम एका जोडीचा आणि ड्रायव्हर दुसऱ्या जोडीचा असला, तर मधला ड्रायव्हर मॅनेजर रूपांतर करून देतो. आता मराठीची खरी अडचण इथे येते. पश्चिम युरोपच्या भाषांसाठी विंडोजवर ‘१२५२’ नावाचा अक्षरतक्ता आहे, रशियनसाठी ‘१२५१’ आहे. मराठीसाठी आणि हिंदीसाठी असा ॲन्सी तक्ता विंडोजनं कधी दिलाच नाही. या भाषा तिथे आल्या त्या थेट युनिकोडमधून. त्यामुळे जुना ॲन्सी ड्रायव्हर वापरून रशियन माणसाचं काम त्याच्या संगणकावर भागू शकतं. आपलं भागत नाही.

दहा प्रश्नचिन्हं: जागाच नव्हती

युनिकोड मजकूर १२५२ सारख्या तक्त्यात बसवायची वेळ आली की रूपांतर करणारा एकेक चिन्ह त्या तक्त्यात शोधतो. ‘ज’ नाही, प्रश्नचिन्ह ठेव. हलन्त नाही, प्रश्नचिन्ह ठेव. अशी दहा होतात. प्रत्येकाच्या जागी आता ६३ हा एकच आकडा असतो, कारण प्रश्नचिन्हाचा क्रमांक ६३. मूळ काय होतं याची खूण शिल्लक राहत नाही.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे घडण्याची एक नेहमीची जागा आहे. तिथे मजकुराचे रकाने दोन जातींचे: ‘व्हारकॅर’ आणि ‘एनव्हारकॅर’. दुसरा युनिकोडचा. पण रकाना युनिकोडचा असूनही आज्ञेत मराठी नाव नुसत्या अवतरणात लिहिलं आणि त्याच्या आधी ‘एन’ हे अक्षर टाकलं नाही, तर ते नाव रकान्यापर्यंत पोचण्याआधी डेटाबेसच्या अक्षरतक्त्यातून जातं आणि तिथेच त्याची प्रश्नचिन्हं होतात. एका अक्षराचा हा फरक आहे. २०१९ च्या आवृत्तीपासून साध्या व्हारकॅर रकान्यातही युटीएफ-८ ठेवता येतं, पण त्यासाठी तशी निवड करावी लागते.

पोस्टग्रेएसक्यूएलचा स्वभाव वेगळा. समोरच्यानं मागितलेल्या तक्त्यात अक्षर नसेल तर तो गुपचूप प्रश्नचिन्ह देत नाही, काम थांबवून त्रुटीचा संदेश देतो. त्या क्षणी तो त्रासदायक वाटतो, पण माणसाचं नाव वाचवतो.

प्रश्नचिन्हं दिसली की आधी एक गोष्ट तपासावी: ती साठवताना झाली की वाचताना? युनिकोड नीट समजणाऱ्या दुसऱ्या साधनातून तीच नोंद उघडावी. तिथे नाव दिसलं तर डेटाबेस शाबूत आहे आणि वाचणाऱ्या प्रोग्रामची जोडणी सुधारली की काम झालं. तिथेही ६३, ६३, ६३ असेल तर मूळ अर्ज शोधण्यावाचून इलाज नाही.

तीस चिन्हं: वाचण्यात चूक

आता दुसरा प्रकार. ड्रायव्हरनं ‘ज’चे २२४, १६४, १५६ हे तीन बाइट बरोबर आणले, पण घेणाऱ्यानं ते युटीएफ-८ चे न समजता १२५२ तक्त्यातली तीन स्वतंत्र अक्षरं समजली. त्या तक्त्यात २२४ म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला छोटा रोमन ‘ए’, १६४ म्हणजे चार टोकं फुटलेलं चलनाचं वर्तुळ आणि १५६ म्हणजे एकमेकांना चिकटलेले ‘ओ’ आणि ‘ई’. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची सुरुवात २२४ नं होते आणि पुढे १६४ किंवा १६५ येतो. म्हणून अशा मजकुरात तो रेघवाला ‘ए’ दर तिसऱ्या जागी दिसतो. ही खूण एकदा लक्षात राहिली की फुटलेली मराठी लांबूनही ओळखू येते.

इथे बाइट बदललेले नसतात, फक्त वाचन चुकलेलं असतं. म्हणून हा मजकूर बहुतेकदा परत मिळवता येतो. पण एक अपवाद जपावा लागतो. हलन्ताचे तीन बाइट २२४, १६५ आणि १४१. विंडोजच्या १२५२ तक्त्यात १४१ या आकड्याला चिन्हच दिलेलं नाही. काही प्रोग्राम तो अदृश्य स्वरूपात जपतात, काही टाकून देतात, काही त्याचं प्रश्नचिन्ह करतात. म्हणून फुटलेला मजकूर दुरुस्त केल्यावर ‘राम’, ‘सीता’ नीट येतात आणि जोडाक्षरं मात्र कधीकधी मोडलेलीच राहतात. बिघडलेला मजकूर नक्कल-चिकटव करत इकडून तिकडे न्यायचा नाही, मूळ बाइटांवरच दुरुस्ती करायची, ती या कारणासाठी.

दोन चुका मिळून बरोबर दिसणारं नाव

सगळ्यांत फसवा प्रकार हा. वर्षानुवर्षं एखाद्या प्रणालीत मराठी नीट दिसत असते. मग नवा प्रोग्राम येतो, नवा ड्रायव्हर बसतो आणि जुन्या सगळ्या नोंदी एकदम फुटलेल्या दिसतात. दोष नव्यावर येतो. खरी चूक जुनी असते.

मायएसक्यूएलमध्ये हे असं होतं. जोडणी करताना प्रोग्रामनं आपलं एन्कोडिंग सांगायचं असतं. ८.० ही आवृत्ती येईपर्यंत या डेटाबेसचा ठरीव तक्ता ‘लॅटिन-१’ होता, म्हणजे जवळपास १२५२च. प्रोग्रामनं युटीएफ-८ चे ३० बाइट पाठवले, पण जोडणी लॅटिन-१ ची राहिली. डेटाबेसनं ते ३० वेगळी रोमन चिन्हं समजून इमानदारीनं युटीएफ-८ मध्ये रूपांतरित केले आणि साठवले. दहा चिन्हांचं नाव आत तीस चिन्हांचं झालं आणि ३० ऐवजी ६१ बाइट व्यापून बसलं. वाचताना त्याच चुकीच्या जोडणीतून उलटं रूपांतर झालं आणि पडद्यावर पुन्हा ‘ज्ञानेश्वर’ दिसलं. जाताना झालेली चूक येताना त्याच मापानं उलटली. नव्या ड्रायव्हरनं जोडणी योग्य केली तेव्हा उलटवणारं कुणी उरलं नाही.

हे ओळखायची सोपी चाचणी आहे. डेटाबेसलाच विचारायचं, या नावात चिन्हं किती? उत्तर १० आलं तर साठवण योग्य. ३० आलं तर नाव दोनदा रूपांतरित होऊन बसलं आहे. अशा रकान्याची आधी प्रत काढून ठेवावी, मग जास्तीचं झालेलं रूपांतर एकदा उलटवून मूळ ३० बाइट परत मिळवावेत आणि ते युटीएफ-८ चे म्हणून नोंदवावेत.

एकटा ‘ज’ आणि चौथा बाइट

तिसऱ्या प्रकारात नावाचं फक्त पहिलं अक्षर येतं. लिनक्सवर ओडीबीसीचे दोन प्रमुख ड्रायव्हर मॅनेजर आहेत. युनिक्स-ओडीबीसी सामान्यतः युनिकोड चिन्हाला दोन बाइट धरतं, आय-ओडीबीसी चार. प्रोग्रामनं चार बाइटांनी लिहिलं आणि ड्रायव्हरनं दोन-दोन बाइटांनी वाचलं, तर त्याला ‘ज’ मिळतो आणि लगेच पुढे दोन शून्यं. मजकूर संपल्याची खूण शून्य हीच असते, त्यामुळे वाचन तिथेच थांबतं. बाइटांचा क्रम उलटा झाला तर आणखी निराळं घडतं. ९, २८ ऐवजी २८, ९ वाचलं की क्रमांक ७१७७ होतो, आणि ते सिक्कीमकडच्या लेपचा लिपीतलं अक्षर आहे.

चौथ्या बाइटाची गोष्ट मराठीला जवळची आहे. देवनागरीला युटीएफ-८ चे तीन बाइट पुरतात. मायएसक्यूएलमधला ‘युटीएफ-८’ नावाचा जुना पर्याय जास्तीत जास्त तीनच बाइट घ्यायचा, म्हणून मराठी त्यात चालून गेली. हसऱ्या चेहऱ्याचं इमोजी चार बाइटांचं. ते मजकुरात आलं की काही मांडण्यांत त्रुटी यायची आणि काहींत इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापला जायचा. हा प्रश्न फक्त इमोजीचा नाही. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत जागा मिळाली, आणि तिचे क्रमांक ६५,५३६ च्या पलीकडचे आहेत. म्हणून मोडीच्या प्रत्येक चिन्हाला युटीएफ-८ मध्ये चार बाइट लागतात आणि युटीएफ-१६ मध्ये दोन-दोन बाइटांची जोडी. मोडी कागदपत्रांच्या सूची मोडी अक्षरांतच ठेवायच्या असतील तर डेटाबेस आणि ड्रायव्हर दोघांनाही चार बाइट यायला हवेत. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी ‘युटीएफ-८-एमबी-४’ हा पर्याय २०१० पासून आहे आणि ८.० पासून तोच ठरीव आहे.

रकान्याची रुंदी हा याच हिशेबाचा भाग. ओरॅकलमध्ये ‘२० चा रकाना’ म्हटलं की वेगळं काही सांगितलं नसेल तर २० बाइट धरले जातात. रोमन लिपीतलं अकरा अक्षरी नाव त्यात आरामात बसतं, ३० बाइटांचं ‘ज्ञानेश्वर’ बसत नाही. रकाना आखतानाच ही रुंदी बाइटांत न सांगता चिन्हांत सांगावी.

ड्रायव्हरच्या हातात नसलेलं

सगळं एन्कोडिंग योग्य असूनही शोध फसू शकतो. ‘ॲड.’ मधला ‘ॲ’ दोन प्रकारे लिहिता येतो: २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेलं स्वतंत्र अक्षर वापरून किंवा ‘अ’ आणि चंद्र असे दोन क्रमांक जोडून. ‘कऱ्हाड’मधला अर्धा ‘र’ सुद्धा दोन वेगळ्या क्रमांक-मालिकांतून उमटतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, डेटाबेसला वेगळे. ड्रायव्हरनं जे दिलं ते तसंच पोचवायचं असतं, त्यामुळे हे सावरणं त्याचं काम नाही. मजकूर आत घेतानाच प्रोग्रामनं एक रूप ठरवून घ्यावं लागतं.

चौकट: काय दिसतं, त्याचा अर्थ काय

• रिकामे चौकोन: फॉन्ट नाही. मजकूर सुरक्षित.
• चिन्हांइतकीच प्रश्नचिन्हं (‘ज्ञानेश्वर’ला १०): मजकूर देवनागरी नसलेल्या तक्त्यात कोंबला. साठवताना झालं असेल तर मजकूर गेला.
• तिप्पट प्रश्नचिन्हं (३०): बाइटच एकेक करून नाकारले गेले.
• रेघवाला रोमन ‘ए’ दर तिसऱ्या जागी: युटीएफ-८ दुसऱ्या तक्त्यानं वाचलं. दुरुस्ती बहुधा शक्य.
• फक्त पहिलं अक्षर: दोन आणि चार बाइटांची गल्लत.
• इमोजीपासून पुढचं गायब: चौथ्या बाइटाला जागा नाही.

चाचणी मराठीत व्हायला हवी

एवढ्या चुका वर्षानुवर्षं टिकतात कशा? कारण इंग्रजी सहसा फुटत नाही. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक १२८ च्या आत आहेत आणि त्यांचा बाइट युटीएफ-८ मध्ये, लॅटिन-१ मध्ये, १२५२ मध्ये अगदी तोच आहे. जोडणी चुकीची असो वा बरोबर, रोमन लिपीत भरलेला चाचणी-अर्ज बहुतेक वेळा उत्तीर्ण होतो. चूक उघडी पडते ती प्रणाली सुरू झाल्यावर, पहिल्या मराठी नावापाशी. तोपर्यंत हजारो नोंदी आत गेलेल्या असतात.

म्हणून मराठीत माहिती घेणारी कोणतीही प्रणाली स्वीकारण्याआधी एक ओळ तिच्यातून पाठवावी आणि परत आणून पाहावी. त्या ओळीत दोन जोडाक्षरं असलेलं एक नाव, ‘कऱ्हाड’, ‘ॲड.’, मोडीतलं एखादं अक्षर आणि एक इमोजी असावं. गेलं तसं परत आलं का ते पाहावं, डेटाबेसमधली चिन्हं मोजावी, छापील प्रत काढावी आणि हे सगळं दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरमधून पुन्हा करावं. या कामाला तासभरही लागत नाही. कार्यालयांनी, ग्रंथालयांनी, सहकारी संस्थांनी ही अट लेखी करारातच घालावी आणि ती तपासायला मराठी वाचणारा माणूस बसवावा. सातबाऱ्यावर, दाखल्यावर, गुणपत्रिकेवर माणसाचं नाव बिनचूक उमटणं हा त्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी लागणारं तंत्र कधीचं तयार आहे.